सरकारी सहा तास

सरकारकडून माझ्या मदतीला येणाऱ्या बाईला आमच्या इमारतीत सगळे 'घाईताई' म्हणतात. दिवसभरात सात घरांतल्या म्हाताऱ्यांना ती आंघोळ घालते. आल्याबरोबर फोनवर वेळ नोंदवते आणि आधी स्वतःचे हात गरम पाण्याखाली धरते. गार हात लागला की म्हातारं माणूस दचकतं, म्हणते. पूर्वी ती कपड्यांच्या कारखान्यात होती. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना उचलता उचलता हे काम शिकली.

मला आठवड्याचे सहा तास मंजूर होते. तिच्यावर माझा पहिल्यापासून संशय. जाताना जिन्यात उभी राहून ही फोनवर एवढं काय लिहिते? एकदा फोन टेबलावर उघडाच राहिला. मी चष्मा लावून वाचलं: 'बटणं लावता येत नाहीत. तोल जातो. विसरतात.'

"काय गं, मी विसरते?"

"दोनदा गॅस चालू राहिला होता, आजी."

"एकदाच."

"बरं, एकदाच. दुसरी वेळ तुम्ही विसरलात."

आपलं काम टिकावं म्हणून ही मला लुळीपांगळी ठरवतेय, अशी माझी खात्री झाली.

यंदा म्हातारे वाढले आणि मदतनीस कमी पडल्या, म्हणून सगळ्यांचेच तास नव्याने ठरत होते. तपासनीस बाई आल्या. पाहुण्यांपुढे नीटनेटकं, ताठ बसायचं, हे कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी माझ्या हाडांत मुरवलेलं. इस्त्रीचे कपडे घालून मी स्वतः चहा केला. घाईताई काही सांगू लागली, तर मी म्हटलं, "तिला वाढवून सांगायची सवय आहे."

"किती छान राहता हो तुम्ही," म्हणत बाईंनी लिहून घेतलं.

पत्र आलं: आठवड्याचा एक तास.

घाईताईने ते वाचलं. "त्या दिवशी कपडे घालायला किती वेळ लागला?"

"दोन तास," मी पुटपुटले.

"हेच त्यांना सांगायचं होतं." दुसऱ्या दिवशी ती हरकतीचा अर्ज घेऊन आली. "तुमच्याच हाताने लिहिलेला लागतो. आठ दिवसांची मुदत आहे."

"यात तुझा काय फायदा?"

"माझा कसला? तुमचे तास कमी झाले, तर त्या वेळेत मला दुसऱ्या आजी मिळतील. त्या कदाचित कमी भांडतील."

मी अर्ज दोनदा वाचला, मागची बाजूही पाहिली. मग तिला म्हटलं, "तोंड तिकडे कर."

ती खिडकीकडे वळली. मी लिहिलं, मला एकटीला आंघोळ करता येत नाही.