न भाजलेली माती

जळगावच्या एका कॉलेजात लोटन नानांनी तीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या. धुतलेली नळी ते उजेडात धरून अशी निरखत, की प्राध्यापकांनासुद्धा धास्ती वाटे. "सर, ही तुम्ही धुतली ना? मग परत धुवा," असं तोंडावर सांगायची त्यांची तऱ्हा. नानांनी वहीत 'झाले' असं लिहिलं की कुणी तपासायला जात नसे. या माणसाने जन्मात एकदाच वहीत खोटं लिहिलं.

दिपमाला तिथे चिकणमातीवर संशोधन करत होती. लेकीच्या वयाची म्हणून नाना तिला ताई म्हणत. आपलं काम तिने त्यांना पहिल्याच दिवशी समजावलं.

"नाना, आपल्या अंगातली प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या. ही आम्लं पाण्यात सुटी सुटीच राहतात. जुळताना दोघांमधून थोडं पाणी बाहेर पडावं लागतं, आणि भोवती पाणीच पाणी असलं तर ते पडणार कसं? मातीच्या कणावर मात्र ती शेजारी शेजारी बसतात आणि माती वाळली की जुळतात. बाजारात हिंडणारी माणसं एका ओट्यावर टेकली की बोलायला लागतात ना, तसंच. अशा छोट्या साखळीला पेप्टाइड म्हणतात. जिवाची सुरुवात अशीच कुठे तरी झाली असेल."

माती आणायचं नानांनी अंगावर घेतलं. नरडाण्याजवळ त्यांचं गाव, तिथल्या नाल्याची माती लोण्यासारखी. पुराने काठ पार खचला होता, जुनी खूण एकही उरली नव्हती. गोणी भरत आली आणि कुदळ एका चपट्या दगडावर आपटली. नानांनी हातांनी माती सारून तो पाहिला. एकतीस वर्षांपूर्वी तो दगड त्यांनीच तिथे ठेवला होता, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून. अकरा दिवसांची लेक गेली होती. बारसं दुसऱ्या दिवशी होतं, त्यामुळे तिला नावही नव्हतं.

गोणी तिथेच ओतायला हवी होती. ते काही नानांना जमलं नाही. एसटीत जळगावपर्यंत त्यांनी ती मांडीवर धरली.

ताईचा नियम कडक होता. माती आधी भट्टीत साडेचारशे अंशांवर भाजायची, म्हणजे तिच्यातलं पानामुळांचं, किड्यामुंग्यांचं जुनं सगळं जळून जातं. नानांनी भट्टीचं दार उघडलं आणि ते नुसतेच उभे राहिले. दात न आलेल्या लेकराला त्यांच्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. त्यांनी दार लावलं आणि वहीत लिहिलं, 'माती भाजली.'

मग चाळीस दिवस सात वाट्या. सकाळी पाणी शिंपडायचं, दुपारपर्यंत मंद आचेवर वाळवायचं. सहा वाट्यांत अमिनो आम्लं होती. सातवीत नुसती माती आणि पाणी. ती कोरी. तिच्यात काहीच निघता कामा नये, तरच बाकीच्या सहांचं खरं. त्या सातव्या वाटीपाशी नानांचा हात रेंगाळे. पाणी फार गार तर नाही ना, हे ते मनगटावर थेंब टाकून बघत. वाळताना मातीला बारीक तडे जात, टिक् आवाज होई, आणि नाना चटकन मागे वळून बघत. रविवारीही ते येऊ लागले. त्यांना भीती वाटायची, आणि आल्यावाचून राहवायचंही नाही.

घरी भागाबाईंकडे, बायकोकडे, त्यांना बघवत नसे. दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्यांच्या नावाने घागर भरत; नावच नसलेल्या त्या लेकीची मात्र कधी भरली नाही. घागर भरून झाली की भागाबाई दर वर्षी एकच विचारत, "कोठे शे ती?" नाना "नाल्याकडे" एवढंच पुटपुटून उठून जात.

एकेचाळिसाव्या दिवशी तपासणीच्या मशीनने सहाही वाट्यांत पेप्टाइड दाखवले. सातवीतही दाखवले.

"कोऱ्या वाटीत कसे येतील?" दिपमालाचा चेहरा उतरला. "माझ्याच हातून काही तरी पडलं असणार. चार वर्षं पाण्यात गेली, नाना." ती रडायला लागली. नानांना ते सोसवेना. त्यांनी दगड, गोणी, भट्टी, सगळं सांगून टाकलं.

"एका शब्दाने सांगायचं तरी!" ती कडाडली. नाना मान खाली घालून उभे होते. मान तशीच ठेवून त्यांनी विचारलं, "ताई, ते तिचं असेल का हो?"

"कुठल्याही मातीत असतं, नाना. पानाचं, गांडुळाचं. माती धरून ठेवते."

"तिचं नाहीच, असं मशीन सांगेल?"

"नाही सांगणार," दिपमाला म्हणाली.

गोणीत निम्मी माती शिल्लक होती. तीच भाजली असती तर काम पुढच्याच आठवड्यात नव्याने सुरू झालं असतं. दिपमाला गोणी घेऊन भट्टीसमोर उभी राहिली. मग तिने सातवी वाटी गोणीत उपडी केली, तोंड सुतळीने बांधलं आणि गोणी नानांच्या हातात दिली. वहीतली ती ओळ तिने स्वतः खोडली.

"दुसरीकडची माती आणू. ही घरी न्या."

भागाबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. नानांनी गोणी त्यांच्यापुढे ठेवली आणि एकतीस वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. नाला, दगड, भट्टी, रोज सकाळचं पाणी, काहीच राखून ठेवलं नाही. भागाबाई रडल्या नाहीत. त्यांनी सुतळी सोडली, हात आत घातला. वरची माती कोरडी लागली.

"आज तिले पानी दिधं का?" त्यांनी विचारलं.