आत्यानं राखून ठेवलेलं युरिक ॲसिड

अनगोळच्या छापखान्यात पत्रकांच्या घड्या घालत होते, तेव्हा आत्तेभावाचा फोन आला. "आई गेली गं." मी विचारलं, "कशानं?" आई गेलेल्या माणसाला कुणी असं विचारतं का? मी विचारलं. "दाखल्यावर न्यूमोनिया लिवलंय," तो म्हणाला. लिहिलंय ते खोटं नाही. मांडीचं हाड मोडून महिनाभर पडलेल्या बाईच्या छातीत कफ साठतोच. पण ती का पडली, हे त्या कागदावर नाही. सहा आठवडे झाले, मला एका जागी बसवत नाही, म्हणून ते इथं लिहिते.

इंदूआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, जन्मभर निपाणीत बिड्या वळत आली. चौथी शिकलेली, पण पत्रक लिहायला मला तिनंच शिकवलं. बिडी कामगार बायकांसाठी लिहिलेलं माझं पहिलं पत्रक तिनं सोप्यात बिड्या वळत बसलेल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मधेच थांबली. "हितं श्वास कुठं घ्यायचा गं? एका वाक्यात एकच सांग. बाई बिडी वळत ऐकतीय, तिचा हात थांबवू नगंस." तेव्हापासून मी तसंच लिहिते. तीच सवय पुढं तिच्या मुळावर आली...

आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हात चहाचा कप धरताना थरथरू लागला आणि सगळं घर हललं. गाडी काढली, कोल्हापूर गाठलं, महिन्याच्या आत निदान झालं : पार्किन्सन. रिपोर्ट चाळताना डॉक्टर म्हणाले, यांचं युरिक ॲसिड कमी आहे, या आजाराच्या पुरुषांत असं बऱ्याचदा दिसतं. मी घरी येऊन वाचलं. हे ॲसिड मेंदूतल्या पेशींना जपत असावं, ते जास्त असलेल्यांना हा आजार कमी होतो, असं काहीसं. त्याच सुमारास आत्याच्या पायाचा अंगठा टम्म सुजला होता, तिचं युरिक ॲसिड वाढलेलं निघालं होतं आणि ते उतरवायच्या गोळ्या चालू होत्या. तिला मात्र वेगळाच घोर लागलेला. "तुझ्या आप्पाला झालं, मग मलाबी हुणार. रगत एकच हाय आमचं." मी तिला तिच्याच पद्धतीचं वाक्य दिलं. "आत्या, तुझं युरिक ॲसिड जास्त आहे, तुला आप्पांचा आजार व्हायचा नाही."

आत्या हरखली. सोप्यात सांगत सुटली, "माझं औषध माझ्या अंगातच हाय!" तिच्या शेजारी बसणारी शांताक्का म्हणाली, "मग अंगठ्याची आरती करायची व्हय गं आता?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

वर्षभरात तिच्या बिड्या सैल पडू लागल्या. सैल बिडी तपासणीत बाजूला फेकतात. आमच्याकडच्या बायका अशा वेळी काय करतात, तर अडलेल्या बाईच्या बिड्या दोन-दोन करून आपापल्या बंडलात लपवतात. पोटुशीसाठी करतात, घरात मरण झालेलीसाठी करतात, इंदूआत्यासाठीही केलं. मायेनं केलं, आणि त्या मायेनं तिचा आजार झाकला गेला. ती हळू चालायची, त्याचं खापर अंगठ्यावर. एकदा मी दवाखान्यात नेलं, तर तिथल्या डॉक्टरनं मान वर न करता कन्नडमध्ये निकाल दिला, "वयस्सायतु, अष्टे." वय झालं, एवढंच. आप्पांच्या हाताला स्कॅन, आत्याच्या हाताला कॅल्शियमची गोळी! ऊठसूट भांडणारी मी त्या दिवशी मुकाट बाहेर आले. का? माझ्याकडं माझं वाक्य होतं ना.

मग ती उंबऱ्यात पडली. हाडाच्या डॉक्टरांना तिचा चेहरा हलत नाही हे खटकलं, त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांना बोलावलं. निदानाला पाच मिनिटं लागली : आप्पांचाच आजार. मी युरिक ॲसिडचं सांगितलं, तर ते म्हणाले, "तो संबंध दिसतो तो मुख्यतः पुरुषांत. बायकांत तितका स्पष्ट नाही. आणि पुरुषांतही ते काही चिलखत नव्हे." हे मी वाचलं होतं. त्याच पानावर, पुढच्याच ओळीत. एका श्वासात बसेना म्हणून मी ते गाळलं होतं.

आत्याला सांगितलं. तिचा आवाज पार खोल गेलेला. "मग गोळ्या उगंच सोडल्या म्हण की मी." तेव्हा मला कळलं, तिनं ते ॲसिड उतरू दिलं नव्हतं. "अंगठा ठणकला की बरं वाटायचं गं... राखण हाय म्हणून."

"चुकलं माझं, आत्या."

"व्हय," ती म्हणाली. "चुकलंच."

परवा निपाणीला गेले. सोप्यात खिडकीखालच्या तिच्या जागेवर कुणी बसत नाही. नवीन पत्रक वाचून दाखवलं. बायकांत हा आजार कसा नजरेआड राहतो, हे सगळं, 'पण'सकट. "लांब झालंय," शांताक्का म्हणाली. होऊ दे. मग मी सगळ्यांना हात थांबवायला लावले आणि एकेकीला भिंतीपर्यंत चालायला सांगितलं. चालताना एका बाजूचा हात हलायचा थांबतो, ही सुरुवातीची खूण असू शकते, असं ते डॉक्टर म्हणाले होते. "पोरगी बघायला आलीस व्हय गं?" कुणीतरी ओरडलं. पदर सावरत, मुरडत, खिदळत एकेक चालून गेली. शांताक्का शेवटी आली. उजवा हात तेवढा झुलत होता.

"पास का नापास?" तिनं विचारलं.

"आक्का," मी म्हटलं, "परत एकदा चाल."