पॅरिसात मुलीने पळावे कुठे

शारजात पासपोर्ट कार्यालयासमोरच्या गल्लीत एका टायपिंगच्या दुकानात टेबल घेऊन मी लोकांचे अर्ज लिहीत असे. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. परंतु मोठ्या हुद्द्यावरची माणसेही माझ्यासमोर बसून 'काय लिहावे?' असे विचारीत, हे येथे नमूद करणे भाग आहे. या धंद्याने मला मान दिला, तशीच एक भीतीही दिली. ज्याचे सुरळीत चालले आहे तो मनुष्य अर्ज लिहून घ्यायला येत नाही. हरवलेले, अडकलेले, पकडलेले, फसलेले अशांच्याच हकिकती मी दिवसभर ऐकत असे. संध्याकाळी घरी परतताना मला वाटे, या जगात कोणी धडपणे घरी पोहोचतच नसावे.

म्हणून आमची दहावीतली मुलगी शाळेच्या सहलीबरोबर पॅरिसला जाणार असे ठरले, तेव्हा घरात आनंद झाला तो फक्त मायलेकींना.

मुलगी शाळेच्या संघातून पळत असे. सहलीहून परतताच आंतरशालेय स्पर्धा होत्या, त्यामुळे तिथेही रोज सकाळी पळावे लागेल, असे तिने मला जेवताना सांगितले; मीठ मागावे इतक्या सहजपणे.

"एकटीनं?"

"बाबा, नोबडी एल्स रन्स. टीचरनी परमिशन दिलीय."

शारजात ती कधीही एकटी पळाली नव्हती. तळ्याकाठच्या कॉर्निशवर, पाण्याकडेच्या फरसबंद वाटेवर, ती पळे, आणि कडेच्या रस्त्याने मागून मी आमची जुनी गाडी पहिल्या गिअरमध्ये चालवीत असे. काच खाली, चारही इंडिकेटर चालू. एकदा एका पठाण टॅक्सीवाल्याने गाडी शेजारी आणून विचारले, "भाईसाब, लडकीने चुराया क्या है?" त्यानंतर कित्येक दिवस मुलगी माझ्याशी बोलली नाही. मी अंतर थोडे वाढवले, गाडी मात्र बंद केली नाही.

पॅरिसात माझी गाडी नसणार होती.

वरच्या मजल्यावर पुण्याचे एक इंजिनिअर राहत. कंपनीने त्यांना एकदा पॅरिसला पाठवले होते. त्यांच्याकडचा नकाशा मी मागून घेतला आणि मुलीला शेजारी बसवून त्यांच्याच चहाच्या टेबलावर पसरला.

"नदीकाठी पळू दे की," ते म्हणाले. "काय सुंदर आहे माहितीय!"

"पुलाखाली कोण असतं?"

"पुलाखाली? असतात काही लोक. झोपलेले असतात हो."

"आणि उठल्यावर?"

त्यांनी कप खाली ठेवला. "बरं, मग बागेत पळू दे."

"बागेत झाडं असतात."

"अहो, बागेत झाडं नाही तर काय खजूर वाळत घालतात?"

ते हसले, त्यांची पत्नीही आतून हसली. मी हसू शकलो नाही. झाडामागे कोण उभे आहे हे पळणाऱ्याला शेवटपर्यंत दिसत नाही, आणि माझ्या टेबलाशी आलेल्या अनेकांचे दुर्दैव अशाच कशाच्या तरी मागे उभे होते.

अखेर मी बागच ठरवली. हॉटेलजवळची, चहूबाजूंनी लोखंडी कुंपण असलेली. मुलीने कुंपणाच्या आतून, कुंपण सतत डाव्या हाताला ठेवून पळावे, बाहेर पाऊल टाकू नये. शिवाय मी माझ्या उत्तमोत्तम इंग्रजीत एक कार्ड टाइप करून प्लास्टिकमध्ये बंद करून घेतले. त्यावर तिचे नाव, माझे नाव, आमचा पोस्टाच्या पेटीचा क्रमांक, आणि खाली ठळक अक्षरांत हॉटेलचे नाव. रस्त्याचे नाव लिहिले नाही. आमच्या शारजात रस्ता आणि घराचा नंबर विचारतो कोण? पत्रे पेटीत येतात, घर सांगायचे ते चौकावरून, मशिदीवरून, टायरच्या दुकानावरून. हॉटेलचे नाव सांगितले की खलास, टॅक्सीवाला दारात आणून सोडतो.

ती गेली. पहिले दोन दिवस फोन आले. पळाले, मजा आली, बाबा डोंट वरी.

मग शुक्रवार उजाडला. सुट्टी होती, पत्नी साबुदाणा परतत होती. फोन वाजला. शाळेच्या बाई बोलत होत्या.

"सर, बेटीने आपको फोन किया क्या?"

"नहीं. क्यों?"

"जॉगिंग के लिए गार्डन गयी थी. अभी तक आयी नहीं. हम लोग देखके आये, गार्डन में भी नहीं है. आप टेन्शन मत लीजिए."

त्या क्षणी माझ्या डोक्यात एक अर्ज आपोआप लिहिला जाऊ लागला. 'खाली सही करणार नम्रपणे निवेदन करतो की, त्याची अल्पवयीन मुलगी...' इतर बापांसाठी मी ते वाक्य न अडखळता लिहीत असे. आता ते थांबवावे म्हटले तरी थांबेना. मुलीच्या कपड्यांच्या रंगापर्यंत येऊन पोहोचले, आणि रंग मला ठाऊक नव्हता.

"आज तिनं काय घातलं असेल?" मी पत्नीला विचारले.

"अहो, फोन आधी खाली ठेवा!" ती ओरडली. "पोरीनं केला तर लागायला नको?"

मी फोन ठेवला आणि शेजारी जमिनीवर बसलो. पत्नीने गॅस बंद केला. ती शांतपणे भांडी आवरू लागली. तिच्या त्या शांतपणाचा मला राग आला, आणि आधारही वाटला.

फोन वाजला. जबल अलीहून एक गिऱ्हाईक विचारत होते, अरबाबने, म्हणजे मालकाने, नोकरी सोडल्याचा कागद दिला नाही तर काय करावे. मी आयुष्यात प्रथमच गिऱ्हाइकावर खेकसलो, "लाइन छोड!"

लगेच पुन्हा वाजला.

"बाबा, मी हरवले."

आमची मुलगी घरात इंग्रजीतच उत्तरे देत असे. तिचे मराठी ऐकून मी उठून उभा राहिलो.

"कुठं आहेस?"

"हॉटेलात."

"मग हरवलीस कशी?"

"हे आपलं नाहीये! नाव तेच आहे, पण लॉबी वेगळी आहे. मी बागेच्या दुसऱ्याच गेटनं बाहेर आले, सगळी गेटं सारखीच दिसतात. मग टॅक्सीवाल्याला तुमचं कार्ड दाखवलं, त्यानं इथं सोडलं. काउंटरवरची बाई म्हणते, इथं इंडियन स्कूल नाहीच. बाबा, ते मला सोडून गेले का?"

त्या नावाची हॉटेले त्या एका शहरात कितीतरी होती. मला कसे कळावे? माझ्या हातून रिसीव्हर पत्नीने काढून घेतला.

"रडू नको. तिथून हलायचं नाही. पेन माग त्या बाईकडे." शाळेच्या परिपत्रकावर हॉटेलचा फोन होता, तिने तो आकडा आकडा करून सांगितला, दोनदा वदवून घेतला. "आता हा फोन लावायला सांग. आपल्या बाई येतील."

आणि फोन बंद झाला. ती तिथे बसली आहे की कोणाच्या मागून बाहेर गेली, हे कळण्याचा आता कोणताही मार्ग नव्हता. आम्ही दोघे त्या काळ्या यंत्राकडे पाहत राहिलो. मशिदीतून जुम्म्याची बांग झाली, खाली गाड्या लागल्या, नमाज संपून गाड्या निघूनही गेल्या. एकदा घंटा वाजल्याचा भास होऊन मी रिसीव्हर उचलला. पत्नीने माझ्या मनगटावर चापट मारून तो खाली ठेवला.

अखेर घंटा खरोखर वाजली. "मिल गयी, सर," बाई म्हणाल्या, आणि त्यांनाच रडू फुटले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, उद्या पळू? टीचर म्हणतात, तुम्ही हो म्हटलंत तरच."

"कुठं पळणार?"

"हॉटेलच्या आत. जिन्यावर. वर-खाली, वर-खाली." मग हळूच, "बागेत झाडं आहेत ना."

माझेच वाक्य तिच्या तोंडी होते. झाडांची भीती या मुलीला कधीच नव्हती. आता ती एका परक्या शहरातून माझ्यासारखी बोलत होती, आणि दिवसभरात वाटले नव्हते इतके भय मला त्या क्षणी वाटले.

"जिना नाही," मी म्हणालो. "बागेतच जा. ज्या गेटनं शिराल त्याच गेटपाशी बाईंना बसव, आणि पळ."

"शुअर, बाबा?"

"जा म्हटलं ना."

फोन ठेवला. स्वयंपाकघराच्या दारातून पत्नीने विचारले, "काय सांगितलंत?"

"बागेत पळ म्हटलं."

दिवसभर जिने एक टिपूस काढले नव्हते ती माझी पत्नी भिंतीला धरून मटकन खाली बसली. "असं कसं सांगितलंत हो?" ती म्हणाली, आणि तिचे दात वाजू लागले.