भासऱ्यांची घागर

दुपारची जेवणं उरकली की मी स्वयंपाकघरात गार जमिनीवर आडवी होते. उशाशी पाण्याने भरलेला तांब्या. मागचं दार आज मुद्दाम उघडं ठेवलं आहे. सकाळी परसात, गुरांच्या दगडी डोणीवर, एक पांढरं चितळ पाणी पीत होतं. मादी आहे. अंगावर ठिपके आहेत, पण सायीवर साय पडावी तसे, तिरपं पाहिलं तरच दिसणारे. कान आतून गुलाबी. मी कोणाला सांगितलं नाही. मुलगा शेतावरून आला, जेवला, गेला, त्यालाही नाही.

डोळे जड होतात. दारातून येणारा मोहाच्या फुलांचा वास हळूहळू घट्ट होतो, आणि दाराशी कोणीतरी खाकरतं.

ते खाकरणं मी ओळखते. हे माझे भासरे, डोमाजी, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नसतं आणि त्यांनीही तिच्याशी थेट बोलायचं नसतं. आत येण्याआधी ते खाकरत, मी पदर ओढून आड होई. काही हवं असलं तर ते खांबाला सांगत. एका घरात आयुष्य गेलं, पण आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

आता ते खांद्यावर बंदूक घेऊन उभे आहेत. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, ओठ मात्र फुटलेले.

"घरात कोणी असेल तर सांगावं," ते खांबाला म्हणतात, "परसात काही दिसलं का?"

"दिसलं," मी म्हणते.

ते दचकतात. खांबाकडेच बघत राहतात. "कोणाच्या तरी डोक्यावर पदर दिसत नाही."

"मेलेल्या माणसासमोर पदर घ्यायचा असतो, असं सासूबाईंनी मला शिकवलं नव्हतं."

मी उठते. चुलीमागची भिंत आता नाही. तिथे मोहाची झाडं उभी आहेत आणि फुलं टपटप तव्यावर पडताहेत. मी विशीतली आहे, हातात हिरवा चुडा आहे. लग्न होऊन आले त्या उन्हाळ्यात अशीच एक पांढरी मादी या परसात यायची. या घरात तिच्या एकटीसमोर मी डोकं उघडं ठेवून बसत असे. ती मोहाची फुलं खाई, मी वेणी घाली. एका रात्री ह्यांना कौतुकाने सांगितलं, आणि भिंतीपलीकडे भासरे जागे होते.

आमच्या घरची रीत अशी, की शिकारीचं जनावर ज्याने आधी पाहिलं, त्याला काळजाचा वाटा. दोन दिवसांनी जाऊबाईंनी माझ्या ताटात तुकडा वाढला. काय आहे, मी विचारलं. पलीकडून भासरे खांबाला म्हणाले, "आधी खायला सांगा, मग कळेल." मी खाल्लं. सकाळी कुंपणावर पांढरं कातडं वाळत होतं. मी विहिरीमागे जाऊन ओकले. भासऱ्यांनी त्या कातड्याचं आसन केलं आणि मरेपर्यंत त्यावर बसून पूजा केली. ते गेल्यावर दगड बांधून ते आसन मी बोडीत, गावच्या लहान तळ्यात, सोडलं. बोलायचं मात्र राहून गेलं.

"तहान लागली आहे," ते म्हणतात. "दरवर्षी अक्षय तृतीयेला घरच्या गेलेल्या सगळ्यांच्या नावाने पाण्याच्या घागरी भरल्या जातात. एकाच माणसाची भरली जात नाही. खांबाला हे ठाऊक असेल."

"आधी जेवा. बंदूक बाहेर ठेवा, चुलीपाशी नको."

ते बंदूक उंबऱ्याला टेकवतात. उंबऱ्यापलीकडे बोडीचं पाणी लागलेलं आहे. बंदूक सावकाश घसरते आणि बुडते. त्यांचं लक्ष ताटाकडे आहे. मी पातेल्यातलं वाढते.

"काय आहे?"

"आधी खा, मग सांगते."

ते खातात. चावून चावून त्यांचा जबडा दुखतो. मग दोन बोटं तोंडात घालून ते एक केस काढतात. पांढरा, आखूड. मग आणखी एक. ताटाच्या काठावर केस मांडत जातात.

"हे माझं आसन आहे," ते हळू म्हणतात.

"जनावर मी आधी पाहिलं होतं. वाटा माझा. मी तुम्हाला दिला."

ते ओणवे होतात. मी ओकले होते तसे ओकतात, पण बाहेर काही येत नाही. मी बघत उभी राहते. मला बरं वाटतं. खूप बरं वाटतं.

मग ते मान वर करतात आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघतात.

"दुरपते," ते म्हणतात. माझं नाव त्यांना माहीत होतं. "पाणी दे."

त्यांचे फुटलेले ओठ ह्यांच्या ओठांसारखे आहेत. शेवटच्या दुखण्यात ह्यांना मी चमच्याने पाणी पाजलं होतं. माझा हात तांब्याकडे जातो. मी तांब्या उचलतेही.

तेवढ्यात त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे परसात जाते. तिथे काहीतरी पांढरं हललं आहे.

"बंदूक कुठे ठेवली मी?" ते विचारतात.

मी त्यांच्यासमोर तांब्या पालथा करते.

डोळे उघडतात तेव्हा उन्हं उतरली आहेत. भिंत जागेवर आहे, चूल थंड आहे. उशाशी भरून ठेवलेला तांब्या जमिनीवर पालथा पडला आहे, आणि भोवतालचं सारवण कोरडं ठक्क आहे. मी तांब्या उचलते. काठाला एक आखूड पांढरा केस चिकटला आहे. माझे केस हातभर लांब आहेत.

तो मी पदराने पुसून टाकते. तांब्या विसळते, भरते, आणि मागच्या दाराने जाऊन डोणीत ओतते. डोणी काठोकाठ भरेपर्यंत खेपा घालते. कुंपणापलीकडे मोहाखाली दोन गुलाबी कान हलतात. मी डोक्यावरचा पदर खाली करते.

अक्षय तृतीया तीन दिवसांवर आली आहे. संध्याकाळी कुंभारीण दारात येऊन विचारते, "आजी, घागरी किती ठेवू?"

सासरे, सासूबाई, जाऊबाई, आणि आमचे हे.

"चार," मी म्हणते. "दरवर्षीसारख्या."