काटे नसलेली वांगी
भिजवलेल्या भुईमुगाच्या पेंडीचा आंबूस वास आला की मला निगडीच्या फ्लॅटची ती खिडकी आठवते. सासऱ्यांची चाकणजवळची जमीन कंपन्यांसाठी गेली, तेव्हा त्यांनी घरच्या काटेरी वांग्याचं बी तेवढं राखून ठेवलं होतं. त्यांच्या परसात लावायला त्याची रोपं करून द्यायचं मी हौसेनं अंगावर घेतलं. खिडकीत कागदी कपांमध्ये रोपं उगवलीही छान. पण कंपनीत टार्गेटमागे पळायची सवय, म्हणून पेंडीचं जे पाणी दहापट पातळ करून घालायचं, ते मी घट्टच ओतलं. दोन दिवसांत रोपं करपली, घरात वास तेवढा उरला. मग मी नर्सरीतून गुपचूप तेवढीच रोपं आणून कपांत खोचली. सासरे न्यायला आले आणि त्यांनी पानाखालून अंगठा फिरवला. "पावणं, ह्याचं काटं कुठं गेलं?" मी म्हणालो, "शहरात वाढलीत, मवाळ झाली असतील." ते हसले नाहीत. "बी समदं तुमालाच दिलं व्हतं," एवढंच म्हणाले. तेव्हा मात्र मी सगळं कबूल केलं. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "खत घालायचं एखादं ऱ्हायलं न्हाई का?" शोधता शोधता बाल्कनीत वॉशिंग मशीनमागे एक कप सापडला. त्यातलं किडमिडीत रोप अंगठ्याला टोचलं, तसे ते खुलले. "इसरलात ते लई बरं केलंत!" म्हणत कप दोन्ही हातांत धरून ते बस पकडायला गेले. आजही कुंड्यांना खत घालताना मी एक कुंडी मुद्दाम सोडतो. बायको त्याला आळस म्हणते. मी म्हणतो, एखादं रोप माझ्या तावडीतून सुटलेलं बरं.