सूर्याचा फ्यूज

आमच्या शाळेमागच्या डीपीवर दुरुस्तीला येणारा वायरमन मी दहा वर्षं बघतोय; नाव मात्र कधी विचारलं नाही. खांबावर चढण्याआधी तो डीपीतले तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालतो आणि खिसा वरून दोनदा थोपटतो. आमच्या लोहा गावचं ऊन डोक्यावर असतं, लोक ‘लवकर आटप’ म्हणून ओरडतात, तो ऐकून घेतो. पूर्वी एकदा त्याचा कामातला जोडीदार खांबावर असताना कुणीतरी खालून लाईन चालू केली होती, एवढं मला माहीत आहे.

परवा फ्यूज परत बसवून तो शाळेच्या ऑफिसात चहाला टेकला. मी नुकताच नववीचा विज्ञानाचा तास घेऊन आलो होतो. त्याच भरात त्याला सांगितलं, पुढे माणूस ताऱ्यांपर्यंत जाईल तेव्हा पृथ्वीवरची वीज पुरायची नाही. सूर्याभोवती चहूबाजूंनी पॅनेल बसवून त्याची सगळी ऊर्जा घ्यावी लागेल.

त्याने चहा बशीत ओतून संपवला.

“लई मोठं काम हाय, सर,” मग म्हणाला. “पण तिथं दुरुस्तीला माणूस चढला, की सूर्य बंद कोण करणार?”

त्याचा हात नकळत खिशावर गेला. खिसा रिकामा होता.