पायरी नसलेलं कोर्ट

आमच्या तालुक्याच्या नव्या कोर्टाला पायरीच नाही. रस्त्यावरून गुळगुळीत उतार थेट काचेच्या दाराशी जातो, आणि दार आपोआप सरकतं. व्हीलचेअरवाल्यांची सोय झाली, ते उत्तमच.

परवा साक्षीला गेलो, तेव्हा माझ्यापुढे एक बाई होत्या. जुन्या कोर्टात लोक आत जाताना पायरीला हात लावून तो कपाळाला लावत. तशाच त्या दारात वाकल्या. दार मिटायला लागलं, दचकल्यासारखं पुन्हा उघडलं.

"मावशी, दारात थांबू नका, लागेल!" शिपाई ओरडला.

"पायरी कुठाय रे? आज माझ्या पोराचा निकाल आहे."

शिपायाने हात करून आम्हाला थांबवलं. मागे रांग खोळंबली. उजेडासाठी एवढी काच लावणाऱ्याला, घाबरलेल्या माणसाचा हात कुठे टेकेल, हे कसं सुचलं नाही?

शेवटी बाईंनी दाराशेजारच्या काचेवर तळवा दाबला, कपाळाला लावला आणि त्या आत गेल्या. काचेवर घामाचा पंजा उमटला होता. त्यातून त्या उंच छताखाली एकट्याच चालताना दिसत होत्या.

माझी पाळी आली. दार चांगलं ऐसपैस होतं. तरी त्या पंजाला धक्का लागू नये म्हणून मी अंग चोरून आत शिरलो.